डू ॲज डायरेक्टेड

बारावीच्या परीक्षेत मला इंग्रजीत शंभरपैकी ६८ गुण मिळाले, ही २००६ सालची गोष्ट. आमच्या वस्तीत तोवर कोणाला इतके गुण मिळालेले नव्हते. आईवडील दोघेही ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघावयाचे आणि कारखान्याचा पट्टा पडला की परतावयाचे. पोराला इंग्रजी येते, एवढे मात्र त्यांनी टोळीतल्या सगळ्यांना सांगून टाकले होते.

त्याच उन्हाळ्यात गायरानाच्या प्रकरणातील आदेश वस्तीवर आला. सात घरे गायरान कसून खात होती. ते नावावर व्हावे म्हणून औरंगाबाद खंडपीठात याचिका केलेली होती. घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा आदेशही इंग्रजीत. दीड पान. समाजमंदिरात सगळे जमले आणि कागद माझ्या हातात दिला. "वाच रं, काय लिव्हलंय?" मी वाचला. म्हणजे उच्चार केले. शेवटच्या परिच्छेदात याचिका 'डिस्पोज्ड ऑफ' असे शब्द होते. मी सांगितले, "निकालात काढली. संपलं." म्हातारी माणसे उठून गेली.

संपलेले काहीच नव्हते. याचिकाकर्त्यांनी चार आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्यावे आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांचे म्हणणे ऐकून निर्णय करावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. वकिलांची फी थकलेली होती म्हणून त्यांच्याकडे लगेच जाण्याचे कोणाचे धाडस झाले नाही. पोळ्यानंतर कोणी गेले, तेव्हा मुदत उलटून गेली होती.

हे मी पश्चात्ताप सांगण्यासाठी लिहीत नाही. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवितो, आणि मला पडलेला प्रश्न इतिहासाचा आहे. ज्याला इंग्रजीत ६८ गुण मिळतात त्याला दीड पान वाचता येत नाही, ही व्यवस्था कोणी, केव्हा आणि कशासाठी घडविली?

माझे गुण कसे आले होते ते आधी सांगतो. बारावीच्या प्रश्नपत्रिकेत 'डू ॲज डायरेक्टेड' नावाचा प्रश्न असतो. सांगितल्याप्रमाणे करा. वाक्यातील 'टू' काढा आणि अर्थ बदलू देऊ नका. 'ॲज सून ॲज'च्या जागी 'नो सूनर... दॅन' वापरा. प्रयोग बदला, तुलनेची श्रेणी बदला, 'इफ'चे 'अनलेस' करा. आमच्या शिक्षकांनी याची सूत्रे दिली होती. 'टू' दिसला की 'सो', मग 'दॅट', मग 'नॉट'. वाक्यात काय म्हटले आहे ते कळण्याची गरज नव्हती. उताऱ्यावरील प्रश्नांचेही तंत्र होते: प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात शोधावयाचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य पूर्णविरामापर्यंत उतरवून काढावयाचे. अशा रीतीने मी न वाचता आकलनाचे गुण मिळविले.

या सूत्रांचा उगम शोधू लागलो तेव्हा एका नावाने मला थांबविले. एम. ए.ला असताना बाबासाहेबांचा 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचीत होतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला आणि १९१७ साली 'इंडियन अँटिक्वेरी'त छापलेला. त्यात आरंभीच जातीच्या चार व्याख्या तपासावयास घेतल्या आहेत: सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर. नेसफील्ड? आमच्या ग्रंथालयात एका फाटक्या इंग्रजी व्याकरणावर हेच नाव होते. मला वाटले, हा दुसरा कोणी असेल. तो दुसरा नव्हता. जॉन कॉलिन्सन नेसफील्ड हा वायव्य प्रांत व औध येथील शिक्षण खात्याचा संचालक होता. १८८५ साली त्याने त्या प्रांतांतील जातिव्यवस्थेवर पुस्तक लिहिले, आणि त्यानंतर मॅकमिलनने काढलेली त्याची इंग्रजी व्याकरणे हिंदुस्थानभर शाळाशाळांतून पोहोचली.

दोन्ही पुस्तके एकाच माणसाची आहेत म्हणून त्यांत एकच कारस्थान आहे, असे मी म्हणणार नाही. असे म्हणणे सोपे आहे आणि टाळ्याही मिळतात. उलट जातीचे मूळ वंशात नसून धंद्यात आहे, असे नेसफील्डचे म्हणणे होते, आणि रिस्लेच्या नाके मोजण्यापेक्षा ते पुष्कळ बरे होते. परंतु त्याची रीत पाहण्याजोगी आहे. शिकार, मासेमारी, गुरेपालन, शेती, कारागिरी अशा धंद्यांच्या पायऱ्या मांडावयाच्या आणि प्रत्येक जातीला तिच्या पायरीवर बसवावयाचे. व्याकरणातही तेच. शब्द घ्यावा, त्याची जात सांगावी, पोटजात सांगावी, लिंग, वचन, विभक्ती सांगावी आणि त्याचा दुसऱ्या शब्दाशी संबंध सांगावा. जुन्या मराठी शाळांत याला 'व्याकरण चालविणे' म्हणत. मग वाक्याचे पृथक्करण, मग संश्लेषण, मग रूपांतर. वर्गीकरण पूर्ण झाले की काम झाले. ते वाक्य कोण कोणाला म्हणतो आहे आणि का म्हणतो आहे, हा प्रश्न त्या शाळेत येतच नाही.

बाबासाहेबांनी नेसफील्डवर जे एकच बोट ठेवले ते मला फार मोलाचे वाटते. जातीबाहेरच्या माणसाबरोबर न जेवणे हे नेसफील्ड जातीचे लक्षण मानतो. बाबासाहेब म्हणतात, त्याने परिणामालाच कारण समजले. जात स्वतःभोवती कुंपण घालते म्हणून पंगत तुटते. त्यावेळी बाबासाहेबांचे वय होते २५. हे असे वाचणे त्यांना कोणी शिकविले?

याचे उत्तर त्यांच्याच आठवणींत आहे. सुभेदार रामजींनी हॉवर्डची इंग्रजी वाचने त्यांच्याकडून पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची तीनही पुस्तके करवून घेतली. हॉवर्ड म्हणजे मुंबई इलाख्याचे शिक्षण संचालक, आणि द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची पाठमाला तर मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या चालली. रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. लेकाच्या पुस्तकांसाठी ते लग्न झालेल्या मुलींकडे पैसे मागावयास जात. शाळेत व्याकरण होतेच, ते कोणाला चुकले? पण घरी जे चालले होते ते वेगळे होते. तेथे इंग्रजी वाचावयाची आणि आपल्या भाषेतून तिच्यात व तिच्यातून आपल्या भाषेत ये-जा करावयाची. पाठांतराला मी हसत नाही. पाठ केलेले वाचन हे निदान वाचन तरी असते.

यापूर्वीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८३५ चे मेकॉलेचे टिपण, १८५४ चा वुडचा खलिता आणि १८५७ चे मुंबई विद्यापीठ या पायऱ्या प्रस्थापितांच्या मुलांसाठी जिन्याच्या होत्या. आमच्यासाठी आधी दाराचा प्रश्न होता. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाला नकार मिळाला. सरकारने लांबलचक पत्रव्यवहार केला, मुलगा बाहेर राहिला. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले ते इंग्रजीतच होते. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाला सरकारने वाऱ्यावर सोडले हा त्यांचा आरोप होता, आणि गावच्या शाळेत काय शिकवावे याची यादीही त्यांनी दिली: मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, शेतीचे मूलज्ञान, नीती, आरोग्य. त्या यादीत व्याकरणही आहे. तेव्हा व्याकरण ही भटजींची वस्तू आहे, ती टाकून द्या, असे म्हणणाऱ्या आमच्या काही मित्रांनी जोतीराव पुन्हा वाचावेत. त्याचप्रमाणे इंग्रजीची देवी करणाऱ्यांशीही माझे जमत नाही. २०१० साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातील बांका गावात इंग्रजी देवीचे देऊळ उभारण्याचा घाट घातला गेला. त्यामागील तळमळ मला समजते. पण वाचावयास न शिकविणाऱ्या शाळेत देवीचा फोटो लावून काय होणार?

नेसफील्डच्या जागी पुढे रेन आणि मार्टिन आले. यातील पी. सी. रेन हा आपल्याच इलाख्यातील शिक्षणाधिकारी. १९१७ साली नोकरी सोडून गेला आणि फ्रेंच परकीय पलटणीवर 'बो जेस्त' नावाची कादंबरी लिहून गाजला. १९३० च्या दशकात आलेल्या त्यांच्या व्याकरणात वाक्यरूपांतराचे प्रकरण आहे आणि त्यात 'टू' काढण्याचा व्यायाम आहे. तोच व्यायाम मी २००६ साली केला, आणि माझे विद्यार्थी आज करीत आहेत. तो इतका चिवट का, याचे कारण माझ्या मते साधे आहे. त्याचे उत्तर एकच असते, ते तपासणे सोपे असते, आणि हजारो मुलांना चाळणीतून काढावयाचे झाले तर असा व्यायाम फार सोयीचा पडतो.

दुसरी वाट कोणाला दिसलीच नव्हती असे नाही. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. वेस्टने आधी पाहिले ते हे, की शाळेत इंग्रजी सुरू करणारी बहुतेक मुले शेवटच्या इयत्तेपर्यंत पोहोचतच नाहीत. मग त्यांना जे शिकविले त्याचे काय झाले? येथे त्याने विम्याच्या धंद्यातील शब्द उचलला: 'सरेंडर व्हॅल्यू'. विमा मध्येच मोडला तर हाती जे पैसे पडतात ती रक्कम. शिक्षणाचीही अशी मोडकिंमत असली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. पाचवीत सोडले, आठवीत सोडले, तरी मुलाच्या पदरात वापरता येईल असे काही पडले पाहिजे. आणि असे पदरात पडणारे कौशल्य म्हणजे वाचन. म्हणून त्याने मोजक्या शब्दांची, नवे शब्द हळूहळू आणणारी वाचनपुस्तके तयार केली.

हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो. अकरावीच्या माझ्या वर्गात जूनमध्ये जेवढी मुले असतात तेवढी दिवाळीनंतर नसतात. काही आईबापांबरोबर कोयत्याला जातात, मुलींची लग्ने होतात. उचल घेतलेल्या मुकादमाला अकरावी कळत नाही. ऑक्टोबरपर्यंत त्या मुलांना मी काय दिलेले असते? नाम, सर्वनाम, काळाचे बारा प्रकार आणि अर्धा प्रयोग. 'प्रयोगाचा उरलेला भाग पट्टा पडल्यावर', असे त्यांना सांगावयाचे काय? व्याकरणाची इमारत अशी आहे की शेवटचा मजला झाल्याशिवाय आत राहता येत नाही. जो मध्येच बाहेर पडतो त्याची मोडकिंमत शून्य. आणि मध्येच कोण बाहेर पडतो, हे सांगावयास हवे काय?

आपल्या राज्यकर्त्यांनी वाद घातला तो इंग्रजी कितवीपासून, यावर. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळाच्या काळात पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढली गेली आणि ती आठवीपासून आली. ज्यांच्या घरात ती होती त्यांचे काही बिघडले नाही. मी शिकलो तेव्हा ती पाचवीपासून होती. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ती पहिलीपासून झाली, आणि तो निर्णय आपल्या मुलांसाठी योग्यच होता असे मी मानतो. परंतु पाचवीपासून की पहिलीपासून, याचा निकाल लागला तरी त्या तासाला काय करावयाचे हा प्रश्न जेथल्या तेथे राहिला.

मी स्वतः काही मोठे केलेले नाही. परीक्षेपुरती सूत्रे मीही शिकवितो. ती न शिकविली तर नापास माझी मुले होणार, मंडळ नव्हे. एवढेच करतो की प्रयोग शिकविताना आधी वर्तमानपत्रातील मराठी वाक्य फळ्यावर लिहितो: 'दलित तरुणास मारहाण करण्यात आली.' मग विचारतो, कोणी केली? वाक्यात ते नाही. इंग्रजी व्याकरणात नियमच आहे की कर्ता अज्ञात असेल किंवा महत्त्वाचा नसेल तेथे कर्मणी प्रयोगात तो गाळावा. अज्ञात कोणाला? महत्त्वाचा नाही असे कोणी ठरविले? मग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधील १९०१ सालच्या प्रवासाचा भाग वाचावयास देतो. मसूर स्थानकावर उतरलेली लहान मुले, जात कळताच बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडे घेऊनही गाडी मुलांनाच हाकावयास लावणारा गाडीवान आणि रात्रभर न मिळालेले पाणी. बाबासाहेबांची इंग्रजी येथे इतकी सरळ आहे की कच्ची मुलेही शब्दकोश घेऊन वाट काढतात. पाणी कोणी नाकारले, हे वाक्यावाक्यातून शोधावयाचे. येथे कर्ता आणि कर्म समजून घ्यावेच लागतात, आणि मुले ते समजून घेतात. वेळ फार लागतो. पाच तासांत दोन पाने होतात आणि अभ्यासक्रम मागे पडतो, अशी माझ्याबद्दल तक्रारही झालेली आहे.

या वर्षी बारावीला अनोळखी उतारा म्हणून मी तो जुना आदेश दिला, नावे झाकून. प्रश्न दोनच ठेवले: न्यायालयाने कोणाला काय करावयास सांगितले, आणि किती दिवसांत? निम्म्या मुलांनी 'डिस्पोज्ड ऑफ'चा अर्थ फेटाळली असाच लावला. मागच्या बाकावरील एका मुलीने मात्र चार आठवडे, निवेदन, जिल्हाधिकारी, सुनावणी हे सगळे बरोबर लिहिले. वही तपासून परत दिली तेव्हा ती जागची हलली नाही.

"सर, मग दिलं का त्यांनी निवेदन?"

मी म्हटले, "नाही."

"का? वाचणारं कुणी नव्हतं का?"

"होतं," मी म्हटले. "बारावी झालेला एक मुलगा होता."