पाण्याचा लोभ आणि कागदावरची वर्तुळे

हुबळीच्या गोकुळ रोडवर तूरडाळ घेणारे गिऱ्हाईक भाव विचारते, डाळ दाताखाली धरून पाहते. तिच्या प्रथिनांत कोणती अमिनो आम्ले आहेत, हे मात्र विचारीत नाही. तरी मुलांच्या वाढीचे सारे गणित त्याच प्रश्नाशी बांधलेले आहे. तेथून सुमारे ४०० किलोमीटरांवरील बेंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन करून १९३६ साली एम.एस्सी. पदवी मिळविली. पण प्रथिनांचे घटक एकमेकांपासून सोडविणे त्या काळी अतिशय जिकिरीचे होते.

अमिनो आम्ले आणि शर्करा हे पदार्थ पाण्याचे विलक्षण लोभी; रसायनशास्त्र त्यांना ध्रुवीय म्हणते. या लोभाचाच उपयोग करण्याची युक्ती लोकरीवर संशोधन करणाऱ्या मार्टिन व सिंज या इंग्रज शास्त्रज्ञांना १९४१ साली सुचली. सिलिका जेलमध्ये पाणी मुरवावयाचे व त्यातून क्लोरोफॉर्म वाहू द्यावयाचा: ज्याला पाण्याची ओढ अधिक तो मागे रेंगाळतो, कमी तो पुढे निघतो. १९४४ साली मार्टिन व सहकाऱ्यांनी जेलच्या जागी साधा गाळणकागद आणला.

१९५२ साली त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी बेंगळूरच्या के. व्ही. गिरी व एन. ए. एन. राव यांचा वर्तुळाकार कागदावरील पद्धतीविषयीचा लेख 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. कागदावर वर्तुळे उमटविण्याची मूळ कल्पना १९४८ ची, रटर यांची. पण गिरींच्या प्रयोगशाळेत तिला खरे रूप आले. मध्याभोवती अनेक नमुन्यांचे थेंब ठेवावे, मधून द्रावक पसरू द्यावा, मग निनहायड्रिन लावून कागद तापवावा, की जांभळे कंस उमटतात आणि नमुने शेजारी शेजारी ताडून पाहता येतात. साधन स्वस्त म्हणून काम कमअस्सल, ही समजूत येथे टिकत नाही.

पुढे उच्च दाबाची यंत्रे आली. परंतु त्यांतील रूढ नळ्यांचे अस्तर तेलकट स्वभावाचे, त्यामुळे जललोभी पदार्थ त्यांत न थांबता प्रवाहाबरोबरच बाहेर पडत. १९९० साली अँड्र्यू आल्पर्ट यांनी नव्या नावाने जी रीत मांडली, तीत पाण्याचा पातळ थर पुन्हा घन कणांवर आला. वाहणाऱ्या द्रावात ॲसिटोनायट्राइल अधिक व पाणी थोडके. पाणी हळूहळू वाढवीत नेले की पदार्थ सुटू लागतात. सर्वांत जललोभी तो सर्वांत शेवटी.