गळालेलीं अक्षरें व शेजारचा रंग

छायाचित्रांतील डाग बुजविण्याची कला छायाचित्रणाच्या पाठोपाठच जन्मास आली. कांचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरील वण नाहींसे करणें हें जुन्या स्टुडिओंतील नित्याचें काम होतें. १९९० सालीं फोटोशॉप ही संगणकप्रणाली बाजारांत आली आणि पेन्सिलीची जागा एका शिक्क्यानें घेतली. या ‘क्लोन स्टॅम्प’ची रीत सोपी आहे. चित्राचा जो भाग शाबूत असेल तेथें खूण करावयाची, आणि तेथील रंग व रेषा जशाच्या तशा उचलून बिघडलेल्या जागीं ठेवावयाच्या. २००२ सालीं आलेला ‘हीलिंग ब्रश’ त्याच्याही पुढें गेला. तो पोत शेजारून घेतो; परंतु रंग व उजेड मात्र जखमेच्या कडांशीं जुळवून घेतो. त्यामुळें ठिगळाची शिवण दिसत नाहीं. दोहोंचें तत्त्व एकच: जें आपल्याजवळ नाहीं तें शेजाऱ्याकडून आणावयाचें.

हें तत्त्व कितपत विश्वासार्ह आहे, याचा एक बोधप्रद दाखला वऱ्हाडांतील वाशीमच्या इतिहासांत सांपडतो. आणि तो संगणकाच्या पुष्कळ आधींचा आहे.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांत वाकाटकनृपति हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. त्यांत राजांची वंशावळ दिली आहे. परंतु कालांतरानें बरींच अक्षरें झिजून गेलीं आहेत. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड, पंडित भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनीं तो लेख मोठ्या परिश्रमानें वाचला. मात्र अस्पष्ट जागीं रुद्रसेन, पृथिवीषेण अशीं नांवें वाचलीं गेलीं. हीं नांवें वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेच्या लेखांवरून पंडितांच्या परिचयाचीं होतीं. ठिगळ इतकें बेमालूम बसलें कीं खालीं कांहीं निराळें असेल अशी शंका सहसा येऊं नये.

१९३९ सालीं वाशीम येथील ताम्रपट उजेडांत आला. वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथून तो दुसऱ्या विंध्यशक्तीनें दिला होता. आणि पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा आपला पिता, असें त्यांत स्पष्ट सांगितलें होतें. हें ध्यानांत घेऊन महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. तेव्हां रुद्रसेनाच्या जागीं सर्वसेन आणि पृथिवीषेणाच्या जागीं विंध्यसेन हीं नांवें त्यांस वाचतां आलीं. वाशीमचें एक स्वतंत्र राजघराणें शेजारच्या नांवांखालीं झांकून गेलें होतें!

पूर्वसूरींस दोष देण्याचें कारण नाहीं. लेख वाचणाऱ्यांची एक शिस्त आहे: पदरचें अक्षर घालावयाचें तर तें चौकोनी कंसांत घालावें. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या लेखणीनें दगडास धक्का लागला नव्हता.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचें दैव इतकें चांगलें नव्हतें. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें चेकोनी या इटालियन तज्ज्ञास बोलावून चित्रांची दुरुस्ती करविली. चित्रें टिकावीं हाच हेतु होता. परंतु त्यांवर दिलेलें लाखेचें रोगण पुढें पिवळें पडलें आणि मूळ रंगांवर पडदा आला. भिंतीवर केलेली दुरुस्ती मागें घेणें फार कठीण असतें.

अलीकडे नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनीं या चित्रांचीं छायाचित्रें घेऊन त्यांतील गेलेले भाग संगणकावर भरून काढण्याचें काम चालविलें आहे. येथें भिंतीस हात लागत नाहीं, हा या साधनाचा मोठा गुण होय. धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणीं. भरलेलें चित्र मूळ छायाचित्रापासून सुटून एकटेंच फिरूं लागलें, तर पांचव्या शतकांतील रेषा कोणती व आजची कोणती हें पाहणारास कळणार नाहीं.

यावर उपाय त्याच प्रणालींत आहे. नवें काम ‘लेअर’वर, म्हणजे निराळ्या थरावर, करावें, मूळ प्रत अबाधित ठेवावी, आणि दोन्ही शेजारीं शेजारीं दाखवाव्या. थर हाच चित्रकाराचा चौकोनी कंस होय. आजोबांच्या फाटक्या तसबिरीस जो नियम, तोच लेण्यांतील बोधिसत्त्वास. सर्वसेनाचें नांव परत मिळालें, याचें श्रेय वाशीमच्या ताम्रपटास आहेच. परंतु तें पुन्हा वाचण्यास दगड जागेवर होता, हेंही विसरतां कामा नये.