कामावरील इजा व भरपाई : संगमनेर परिसर

काम करताना व कामामुळे झालेली जखम, अपंगत्व, मृत्यू किंवा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य रोग, आणि त्यापोटी मालकाकडून मिळणारी कायदेशीर भरपाई. भारतात हा हक्क १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आला. १ जुलै १९२४ पासून तो अमलात होता. २०१० साली त्याच्या नावात कामगाराऐवजी ‘कर्मचारी’ आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. चौकट बहुतांशी तीच राहिली. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, हे या कायद्याचे मर्म. मालक कोण, हे मात्र सिद्ध करावे लागते, आणि संगमनेरसारख्या गावात घोडे तिथेच अडते.

प्रवरेकाठचे संगमनेर विडी, साखर आणि दूध या धंद्यांसाठी ओळखले जाते. तिन्हींत बरेचसे काम कारखान्याच्या फाटकाबाहेर होते: घराच्या ओसरीवर, उसाच्या फडात, गोठ्यात.

विडी वळणारी बाई ठेकेदाराकडून पाने, तंबाखू, दोरा आणते, घरी सूप मांडीवर घेऊन वळते आणि हजारी दराने माल परत देते. ती नोकर की स्वतंत्र कारागीर, हा वाद जुना. शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६१ च्या निकालात तर कारखान्यात येऊन विड्या वळणाऱ्यालाही सर्वोच्च न्यायालयाने कारखाना कायद्याखाली कामगार मानले नाही. कारण काय, तर तो मर्जीने येई-जाई आणि कसे वळायचे हे त्याला कोणी सांगत नसे. न्या. सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या कामगारालाही कामगार ठरवले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध मानला. दर्जा मिळाला, पण भरपाईचा प्रश्न पुरता सुटला नाही. कात्रीने बोट कापले तर तो अपघात. मान धरली, पाठ गेली, तंबाखूच्या धुळीने खोकला जडला, तर अपघाताची तारीख कोणती सांगणार? व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तंबाखूच्या धुळीला स्वतंत्र जागा नाही. ओळखपत्र आणि हजेरीची वही हाच अशा बाईचा मोठा पुरावा, म्हणून वही ठेकेदाराकडे ठेवू नये.

साखरेचे उलटे आहे. उसाच्या चोथ्याच्या, म्हणजे बगॅसच्या, बुरशी धरलेल्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, बॅगॅसोसिस, त्या यादीत नावानिशी आहे. अमृतनगरच्या भाऊसाहेब थोरात सहकारी कारखान्यासारख्या ठिकाणी मालक कोण हेही कोणी विचारत नाही. मात्र केवळ साखर करणारा कारखाना कायद्याने ‘हंगामी’ ठरतो, आणि हंगामी कारखान्याला कर्मचारी राज्य विमा योजना लागू होत नाही. विमा असलेल्या कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वात रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात; १९२३ च्या कायद्याखाली दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे २५ टक्के, म्हणजे निम्माच पगार मिळे. एवढा मोठा फरक, आणि तोही वर्षानुवर्षे त्याच गव्हाणीवर उभा राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत, पटण्यासारखा नाही.

ऊसतोड टोळीची उचल मुकादम देतो, मुकादमाला वाहतूक ठेकेदार आणि त्याला कारखाना. कोयता पायावर बसला, ट्रॉली उलटली, फडात साप चावला, की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, असे १९२३ च्या कायद्याचे कलम १२ सांगत होते. पण अपघात तो मालक जिथे ते काम करवतो तिथे किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेत घडलेला हवा. फड शेतकऱ्याचा, कारखान्याचा नव्हे, हा बचाव इथूनच निघतो. दुसरी एक तरतूद मात्र मजुराच्या कामाची आहे: १९९५ च्या दुरुस्तीपासून दावा अपघाताच्या गावीच नव्हे, तर राहत्या भागाच्या भरपाई आयुक्तापुढेही लावता येतो. बीडच्या टोळीला संगमनेरात खेटे घालावे लागत नाहीत.

गोठ्यातली विजेवरची कुट्टी मशीन हे या भागातले घरोघरचे धोकादायक यंत्र. घास किंवा मका आत लोटताना रोलर पेंढी ओढतो आणि पेंढीबरोबर हात. वीज किंवा इंजिनावर चालणाऱ्या शेतीयंत्रावरचा मजूर कायद्यात येतो, हे पुष्कळ गोठामालकांना माहीत नसते. हिशेब असा: महिना १२,००० पगाराचा, ३० वर्षांचा गडी, एका हाताची चारही बोटे गेली. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००. ३० व्या वर्षाचा गुणक २०७.९८, गुणाकार १४,९७,४५६. चार बोटांना अनुसूचीत ५० टक्के, म्हणून भरपाई ७,४८,७२८ रुपये; उपचाराचा खर्च वेगळा. (अंगठ्याला ३० टक्के, एका डोळ्याला ४०. हिशेबात धरायच्या पगाराची कमाल मर्यादा २०२० पासून १५,०००.) हे टक्केही अंतिम नव्हेत. डावा हात गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली १०० टक्के अपंग मानले, कारण एका हाताने सुतारकी होत नाही.

‘दवाखान्याचा खर्च दिला, आता काही देणे नाही’ असे कागदावर लिहून घेतले तरी हक्क जात नाही. असा करार कायद्याने रद्दबातल. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत २ वर्षे होती. केसपेपरवर ‘घरी पडला’ असे लिहू दिले, तर मात्र जिंकलेली बाजू हरते. रक्कम महिन्याभरात दिली नाही तर जुन्या कायद्यात १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड होता.

कामावर जाता-येता झालेला अपघात आता संहितेतच धरला आहे. आधीच्या काळाचा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातल्या एका प्रकरणाने सुटला. साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे ३ च्या पाळीला निघाला आणि कारखाना ५ किलोमीटरवर असताना वाटेत मरण पावला. आयुक्ताने २००९ साली ३,२६,१४० रुपये दिले, उच्च न्यायालयाने २०११ साली ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी पुन्हा कायम केले. अपघात २२ एप्रिल २००३ चा होता.