ओट्याची परवानगी

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीचा इतिहास’ असा विषय दिला होता. पण तो सचिवांच्या अहवालात येणारच आहे. नोंदणी कधी झाली, प्लॉट कसे पाडले, नळ कधी आला, पहिली कार्यकारिणी कोणती. तेच मी पुन्हा लिहिलं तर वाचणार कोण? म्हणून आपल्या घरांच्या एकाच भागाचा इतिहास लिहायचं ठरवलं. पुढचा ओटा, आणि त्याच्यावर पुढे निघालेली गॅलरी. गेल्या पंचवीस वर्षांत या दोन गोष्टींवरून जेवढे अर्ज, ठराव आणि अबोले झाले, तेवढे पाण्यावरूनही झाले नाहीत. आणि येत्या सर्वसाधारण सभेपुढे पुन्हा तोच विषय आहे : पुढची मोकळी जागा बंद करून खोली काढू द्यायची की नाही. सभेला येण्याआधी प्रत्येकाने हे वाचून यावं, एवढाच माझा स्वार्थ.

आपल्याकडे जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगत. पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे पिकाची. सोनाळ्याच्या जुन्या गावात जा. पांढरीवरची घरं एकमेकांच्या भिंतीला टेकून उभी आहेत आणि प्रत्येकाचा ओटा थेट रस्त्यावर. ओट्यावर बसूनच सोयरिकी जुळल्या, कापसाचे भाव ठरले, पोळ्याला बैल सजले. त्या ओट्याला कोणी परवानगी विचारत नव्हतं. उलट सातपुड्याच्या पायथ्याचं गाव असल्यामुळे ओट्यावरच्या वसरीला जे सागवानी खांब लागत, त्यांना जंगल खात्याचा वाहतूक पास लागायचा. म्हणजे ओट्याला मुभा होती आणि खांबाला कागद लागत होता.

मग ‘घरापुढे इतकी जागा मोकळी सोडा’ ही भानगड आली कुठून? त्याचं मूळ बरंचसं मुंबईच्या प्लेगात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं अंधाऱ्या, कोंदट चाळींत मरत होती. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने इमारतींसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. ऐकायला अवघड वाटतो, पण हिशेब सोपा आहे. इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतही आभाळाचा उजेड पोचेल. आज आपण ‘मार्जिन’ म्हणतो ती कल्पना अशी रोगराईतून पुढे आली, हे विसरून आपण तिला सरकारी खोडी समजतो.

वऱ्हाडाचा कारभार तर फार हातांतून फिरला. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे, मग मध्यप्रांत, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० ला महाराष्ट्र. त्यामुळे आपल्याला लागू झाला तो १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. त्याच्या कलम ५२ मध्ये पंचायतीच्या पूर्वपरवानगीशिवाय घर बांधू नये असं आहे. आणि कलम ५३ तर मी आमच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करणाऱ्या वस्तूंची त्यात यादी आहे : भिंत, कुंपण, व्हरांडा, ओटा, जोते, पायरी. पायरीसुद्धा! त्या वेळी एक सभासद हताश होऊन म्हणाले होते, ‘‘म्हंजे आता ओट्याले बी परवाना लागते काय हो साहेब?’’ सगळे हसले. पण प्रश्न खरा होता.

पुढे १९६६ साली दोन मोठे कायदे झाले. जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक व नगररचना कायदा, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. पहिल्याने शेतजमिनीवर घर बांधायचं तर एन.ए. म्हणजे अकृषिक परवानगी आणली. आपली सोसायटी पांढरीवर नाही, काळीवर आहे, हे नव्या पिढीला माहीत नसेल. आपल्या प्रत्येक घराखाली एकेकाळी पऱ्हाटी होती. म्हणून आपल्याकडे एन.ए.चा आदेश आहे, मंजूर लेआउट आहे आणि त्या लेआउटमध्ये रस्त्याच्या बाजूने सोडलेली दहा फूट मोकळी पट्टी आहे. जुन्या गावातला ओटा रस्त्याला लागून आहे म्हणून आपलाही असावा, ही तुलना इथेच तुटते.

आणि आपण नुसते घरमालक नाही, सहकारी संस्थेचे सभासद आहोत. भारतातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून मुंबईत गावदेवीच्या सारस्वत सोसायटीचं नाव घेतात. १९१५ ची. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिचे मुख्य कार्यकर्ते. तेव्हापासून या चळवळीचं एक सूत्र आहे, की घर तुझं, पण त्यात बदल करताना शेजाऱ्यांना विचार. आपल्या उपविधीतही समितीची लेखी संमती घेतल्याशिवाय वाढीव बांधकाम करायचं नाही असं आहे. म्हणजे ओट्याला दोन दारं. आधी सोसायटीचं, मग शासनाचं. बरेच जण एका दारातून जाऊन दुसरं उघडं आहे असं समजतात.

आता एक हकीकत सांगतो. नाव लिहीत नाही, जुन्या सभासदांना कळेल.

सोसायटी नवीन असतानाच आपले एक शिक्षक सभासद अचानक गेले. मागे काकू आणि दोन मुली. काकूंनी शिलाई मशीन घेतलं. घरात जागा नाही, म्हणून ओट्यावर पत्र्याचं छप्पर टाकून तिथे मशीन ठेवायचं त्यांनी ठरवलं. सभेत दोन तट पडले. एक गट म्हणाला, आज छप्पर, उद्या भिंत, परवा दुकान. दुसरा म्हणाला, माणुसकी आहे की नाही? काकू एवढंच म्हणाल्या, ‘‘मशीन कुठं ठेवू ते सांगा, मंग कायदा सांगा.’’ शेवटी ठराव झाला : छप्पर टाकावं, तीन बाजू उघड्या ठेवाव्यात, भिंत घालू नये. माझ्या मते आपल्या सोसायटीने केलेला हा सगळ्यात शहाणा ठराव.

पण दुसरं दार राहिलं होतं. अर्ज संबंधित कार्यालयात गेला. पहिल्यांदा परत आला, नकाशाच्या प्रती कमी म्हणून. दुसऱ्यांदा, इंजिनिअरचा शिक्का नाही म्हणून. तिसऱ्यांदा लेआउटची प्रत जोडली नाही म्हणून. ती खरं तर पहिल्यापासून जोडलेली होती. नंतर साहेब दौऱ्यावर. मृग तोंडावर आला. कोणीतरी सल्ला दिला, टाका छप्पर, कोण बघतं? काकूंनी तसं केलं नाही. दर वेळी अर्ज देताना त्यांनी दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली होती, आवक क्रमांक आणि तारखेसह. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला त्या फाइलचं किती कौतुक वाटलं असेल, विचार करा. चांगल्या चांगल्या कर्जदारांच्या फाइली इतक्या नीट नसायच्या.

कायद्यात अशा वेळी एक वाट आहे. ठरावीक मुदतीत होकार किंवा नकार कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. एमआरटीपीत ही मुदत साठ दिवसांची आहे. ग्रामपंचायत कायद्यातही तशी तरतूद आहे. मात्र बांधकाम नियमात बसणारं हवं. नियमाबाहेरचं बांधकाम साठ काय, सहाशे दिवसांनीही कायदेशीर होत नाही. हा अर्धा भाग लोक सोयीने विसरतात. काकूंनी मुदत उलटल्यावर रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पत्र पाठवलं, की सोबतच्या नकाशाप्रमाणे अमुक तारखेपासून काम सुरू करत आहे. आणि केलं.

मग तक्रार आलीच. मोजणीला माणसं आली. छप्पर नकाशाप्रमाणे, खांब हद्दीच्या आत, तीन बाजू उघड्या. पण ओट्याची शेवटची पायरी रस्त्यावर नऊ इंच पुढे! कलम ५३ मधली तीच पायरी. काकूंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून पायरी फोडली आणि बाजूला वळवून घेतली. प्रकरण तिथेच मिटलं. पुढे धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायची वेळ आली, तेव्हा मूल्यांकन करणाऱ्याने ओटा छपरासकट हिशेबात धरला, कारण कागद होता. आपल्याच सोसायटीत याच्या दुप्पट खर्चाच्या बंद गॅलऱ्या आहेत, ज्यांची किंमत अशा वेळी शून्य धरली गेली. मंजूर नकाशात जे नाही, ते मूल्यांकन अहवालात सहसा येत नाही. घर विकताना आणि वारसांच्या वाटणीत हे फार बोचतं.

कागदाचं एवढं झालं. पण परवानगी म्हणजे नुसता कागद, असंही कोणी समजू नये. आपल्याकडे एका घराच्या गॅलरीला पहिल्याच पावसाळ्यात भिंतीलगत वरच्या बाजूने भेग गेली. सुदैवाने खाली कोणी नव्हतं. फोडून पाहिलं तर सळया तळाशी. गॅलरी ही भिंतीतून बाहेर निघालेली जीभ आहे. घरातला स्लॅब दोन्हीकडे टेकलेला असतो, मधे वाकतो आणि खालून ताणला जातो, म्हणून त्याची मुख्य सळई खाली. गॅलरीचं टोक लोंबकळतं, ती वरून ताणली जाते, म्हणून तिची मुख्य सळई वर हवी. मिस्त्री बांधतो बरोबर, पण माल टाकताना मजूर सळयांवर पाय देत घमेली नेतात आणि वरची सळई खाली दबते. वरून सिमेंट गुळगुळीत दिसतं. आत काय आहे, ते पावसाळा सांगतो.

ओट्याचा शत्रू वेगळा, तो म्हणजे आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळ्या मातीचाच भराव करून ओटा बांधला की तो दोनतीन वर्षांत घरापासून सुटतो. काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून चोपावा आणि ओटा घराच्या भिंतीत गुंतवू नये, सांधा मोकळा ठेवावा. म्हणजे तो बसला तरी भिंतीला ओढत नाही.

आपल्यापैकी काहींची मुलं अमेरिकेत आहेत. तिथे घराच्या मागे लाकडी फळ्यांचा उंच ओटा करतात, त्याला डेक म्हणतात. आमच्या नात्यातला एक मुलगा सांगत होता, डेक बांधायला नगरपालिकेचा परवाना काढला, तर खांबांचे खड्डे खणल्यावर, काँक्रीट ओतायच्या आधी तपासनीस येऊन खोली मोजून गेला. थंडीत जमीन जिथवर गोठते त्याखाली पाया जायला हवा. डेक जमिनीपासून तीस इंचांहून उंच असेल तर निदान छत्तीस इंचांचा कठडा लागतो आणि गजांमधून चार इंचांचा चेंडूही जाता कामा नये, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. हे उगीच आलेलं नाही. २९ जून २००३ च्या रात्री शिकागोत एका इमारतीचा लाकडी सज्जा माणसांच्या भाराने कोसळला आणि १३ तरुण मेले. तो सज्जा परवान्याशिवाय बांधल्याचं नंतर शहराच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. आपल्या नियमांतही जोते तपासणी आहे बरं का. पण जोते बघायला कोणी आल्याचं आपल्या सोसायटीत किती जणांना आठवतं?

गॅलरी बंद करायचा मोह मात्र सगळीकडे सारखा. मुंबईत १९९१ च्या नियमांत मजल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत बाल्कनी एफएसआयमध्ये धरत नसत. लोकांनी ती पैसे भरून बंद केली, खोलीत घेतली, आणि रस्त्यावरून पाहिलं तर बाल्कनी नावाची वस्तूच दिसेनाशी झाली. जानेवारी २०१२ पासून तिथे बाल्कनी हिशेबात आली. मुंबई सोडून बाकी बहुतेक महाराष्ट्रासाठी २ डिसेंबर २०२० ला एकत्रित नियमावली आली, तीतही बाल्कनी चटई क्षेत्रात मोजली जाते. २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने गावांतल्या सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना नगररचनाकाराच्या परवानगीसाठी खेटे घालायला नकोत असं जाहीर केलं. ‘आता परवानगीच नको’ असं जे आपल्याकडे काही जण सांगत फिरतात, ते इथून आलं. तसं नाही. लहान घरालाही मालकीचे कागद आणि नियमात बसणारा नकाशा पंचायतीकडे द्यावा लागतो. मार्जिन कोणी माफ केलेलं नाही.

जुन्या गावातही आता मोजणी होते आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला आणि २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली. पांढरीवरच्या घराला मिळकत पत्रिका मिळू लागली की ओटा कोणाचा आणि रस्ता कोणाचा, हे नकाशावर दिसणार. ज्यांचे आजोबा रस्त्यावर ओटा घालून बसले, त्यांच्या नातवंडांना हे जड जाईल.

येत्या सभेत माझं मत मी आधीच सांगून ठेवतो. छप्पर द्यावं, भिंत देऊ नये. दहा फुटांची पट्टी बंद झाली तर अग्निशमनाची गाडी सोडा, रुग्णवाहिकाही घरापर्यंत वळणार नाही. आणि आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांना संध्याकाळी बसायला उरतं काय? तरुण सभासदांची अडचणही खरी आहे. मुलं मोठी झाली, खोली हवी. त्यांनी वर मजला काढावा, नियमात बसतो, आणि गॅलरीच्या सळया भरताना मला बोलवावं. जिना चढवत नाही, पण खालून दिसतं.

मूळ लेआउट, एन.ए.चा आदेश आणि काकूंच्या छपराचा ठराव कार्यालयातल्या लोखंडी कपाटात वरून दुसऱ्या खणात, हिरव्या फाइलमध्ये आहे. काकूंनी आपल्या सगळ्या पोचांच्या झेरॉक्सही त्यात लावू दिल्या आहेत. सभेच्या आधी आठ दिवस सकाळी दहा ते बारा कोणालाही पाहता येईल. फाइल घरी न्यायची नाही.