खोक्यातून आलेली मोटार

अकोला-अमरावतीचा कापूस रेल्वेने मुंबईला आणि तिथून बोटीने विलायतेला जायचा, हे आपण शाळेत शिकलो. त्याच बंदरात परदेशी स्वस्त मोटारी उतरायच्या, हे कुणी सांगितलं नाही. त्याही अख्ख्या नाही, तर सुट्या भागांच्या खोक्यांत! बोटीत जागा कमी लागते, भाडं वाचतं. फोर्डने १९२६ साली मुंबईत बस्तान बसवलं. माल कॅनडातून यायचा, कारण ब्रिटिश साम्राज्याची बाजारपेठ फोर्डच्या कॅनडा कंपनीकडे होती. १९२८ साली जनरल मोटर्स शिवडीत आली.

१९५३ मध्ये सरकारने ठरवलं: नुसती जोडणी चालणार नाही, भागही इथेच बनवा. दोघींनी गाशा गुंडाळला. टिकलेल्या मोजक्यांत वालचंद हिराचंद यांची कुर्ल्याची प्रीमियर होती, इटलीच्या फियाट जोडणारी. धोरण मला चुकीचं वाटत नाही. चूक पुढे झाली, स्पर्धाच उरली नाही. ‘फियाट ११००’ इटलीत १९६०च्या दशकातच संपली. आपण तिलाच ‘पद्मिनी’ म्हणत शतक संपेपर्यंत चालवलं. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात: जुना, पण वऱ्हाडातल्या प्रत्येक मिस्त्रीला पाठ. आणि कित्येक वर्षं तीही नंबर लावूनच मिळायची.