बंद डबीतला थेंब

उन्हाळ्यात शिरूरला घोडनदीच्या पात्रात उतरले, की भेगाळलेल्या गाळाचे पापुद्रे दिसतात. पावसाळ्यात हाच गाळ पाण्यातून कसा वाहत आला आणि कसा बसला, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पण तो अंदाजच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची अनेक दशके अशीच गेली. त्यातून दिसे ते सुकलेले.

हा सूक्ष्मदर्शक १९३१ साली बर्लिनमध्ये मॅक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी उभा केला. रुस्का तेव्हा पंचविशीत होते. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरल्याने कितीतरी बारीक वस्तू दिसू लागल्या. मात्र हा झोत हवेत विखुरतो, म्हणून यंत्राच्या नळकांड्यात निर्वात पोकळी ठेवावी लागते, आणि निर्वातात पाण्याचा थेंब क्षणात उडून जातो. त्यामुळे नमुना आधी वाळवायचा आणि मग पाहायचा, अशी रीत पडली.

ही अडचण ज्यांना विशेष बोचली असेल, असे एक नाव पुण्याच्या इतिहासात आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन. मूळचे कॅनडाचे. आधी इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे त्यांनी अध्यापन केले. साबण पाण्यात विरघळतो म्हणजे नेमके काय होते, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. साबणाचे रेणू पाण्यात सुटे न राहता पुंजके करून राहतात, असे त्यांनी १९१३च्या सुमारास मांडले. या पुंजक्यांना आज मायसेल म्हणतात. भर सभेत अध्यक्षांनी ही कल्पना मूर्खपणाची म्हणून उडवून लावली, असा किस्सा रसायनशास्त्रज्ञ अजून सांगतात. हे पुंजके पाण्यामुळे बनतात. पाणी काढून घेतले तर पाहायचे काय उरणार?

१९४४ साली स्टॅनफर्डहून एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी बंद डबी. त्यावर पहिले नाव आय. एम. एब्रॅम्स यांचे आणि दुसरे मॅकबेन यांचे. नावांचा क्रम आद्याक्षरांमुळेही असेल. तरी नामवंत प्राध्यापकाचे नाव दुसरे छापलेले पाहून मला बरे वाटले. कल्पना अशी: द्रव दोन अतिशय पातळ पडद्यांच्या मध्ये कोंडायचा, म्हणजे बाहेर निर्वात असले तरी आत ओल टिकेल, आणि पडदे पातळ असल्याने झोत आरपार जाईल.

सांगायला सोपे, करायला अवघड. हवेचा दाब एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका असतो. पडदा जाड केला तर चित्र धूसर होते आणि पातळ केला तर फाटतो. फाटला की आतला द्रव यंत्रात शिरतो. त्या काळी असा पातळ आणि तरीही मजबूत पडदा सहज मिळत नव्हता. पुढच्या दशकांत काही जणांनी प्रयत्न केले, पण ही रीत रुळली नाही.

३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते एनसीएलचे उद्घाटन झाले. १९५२मध्ये मॅकबेन यांच्या जागी जॉर्ज फिंच आले. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी घेऊन चढलेले ते हेच फिंच. तेही इलेक्ट्रॉनांच्या झोताने पृष्ठभाग तपासणारे तज्ज्ञ होते. म्हणजे एनसीएलचे पहिले दोन्ही संचालक या झोताशी परिचित होते. १९५३ साली मॅकबेन वारले. त्यांच्या डबीला दिवस आले ते त्यानंतर अर्ध्या शतकाने.

संगणकाच्या चिप बनवणाऱ्या तंत्राने सिलिकॉन नायट्राइडचे सुमारे शंभर नॅनोमीटर जाडीचे पडदे करता येऊ लागले. २००३मध्ये अशाच खिडक्यांतून द्रवात तांब्याचे कण सोन्यावर साचताना प्रत्यक्ष पाहिले गेले. २००९मध्ये प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म स्फटिक द्रवात वाढताना दिसले. २०१२मध्ये अवघ्या एका अणूच्या जाडीचे ग्राफीन पडदा म्हणून वापरले गेले. झोतामुळे पाण्याचे रेणू फुटतात, तेव्हा दिसते ते मुळातले किती आणि झोताने घडवलेले किती, हा वाद आजही चालू आहे. या विषयाचे आढावे लिहिणारे १९४४च्या त्या निबंधापर्यंत मागे जातात.

मला यातले एक महत्त्वाचे वाटते. एब्रॅम्स आणि मॅकबेन यांच्या हाती पूर्ण उत्तर नव्हते. पडदा हवा तसा मिळेपर्यंत थांबायचे त्यांनी ठरवले असते, तर मॅकबेन यांच्या हयातीत तो निबंध निघालाच नसता. कुठे अडते तेही त्यांनी काम दाखवल्यामुळेच पुढच्यांना कळले.

माझे उलटे झाले. मी पदवीपलीकडे शिकलो नाही. वाचनालयांत बसून शिकलो. दौंडला नोकरीत असताना वाफेच्या इंजिनावर काम केलेल्या एका वृद्ध फायरमनच्या आठवणी मी उतरवून घेतल्या होत्या. सगळ्या तारखा जुळल्याशिवाय कुणाला दाखवायच्या नाहीत, असा माझा हट्ट. ते गृहस्थ गेले, आणि दोन पावसाळ्यांत वहीला वाळवी लागली. जे वाचले त्यात निम्मी पाने आहेत.

आज शिरूर-दौंडची मुले एम.एस्सी. करून पुण्याच्या प्रयोगशाळांत जातात. सुटीत भेटली की मी विचारतो, काय चाललंय? बहुतेकांचे उत्तर ठरलेले: ‘अजून काही सांगण्यासारखं नाही, काका.’ त्यांना मी बंद डबीची ही गोष्ट सांगतो आणि वाळवी लागलेली वही दाखवतो. उरलेली पाने या दिवाळीनंतर छापायला देणार आहे, तारखा जुळोत न जुळोत.