वेलँड (संगणकीय प्रदर्शन प्रणाली)

वेलँड हा लिनक्स व तत्सम मुक्तस्रोत कार्यप्रणालींमध्ये संगणकाच्या पडद्यावर खिडक्या दाखवण्यासाठी, तसेच माउस व कळफलकाचे संकेत योग्य उपयोजनापर्यंत पोहोचवण्यासाठी वापरला जाणारा प्रोटोकॉल आहे. एक्स विंडो सिस्टिमला पर्याय म्हणून त्याची निर्मिती झाली.

इतिहास

एक्स विंडो सिस्टिमचा आरंभ १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला. तिची एक्स११ ही आवृत्ती १९८७ मध्ये आली. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँडचे काम सुरू केले. १.० ही आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. फेडोराने २०१६ मध्ये, तर केडीई प्लाझ्माने २०२४ मध्ये वेलँडला मूलनिवड केले. उबुंटूने १७.१० आवृत्तीत ते स्वीकारले, १८.०४ मध्ये पुन्हा एक्सकडे वळून २१.०४ पासून बहुतेक संगणकांसाठी परत आणले.

रचना

एक्समध्ये सर्व्हर, खिडक्यांचा व्यवस्थापक व कंपोझिटर हे सहसा स्वतंत्र घटक असतात. वेलँडमध्ये ही तिन्ही कामे कंपोझिटरच करतो. प्रत्येक उपयोजन आपल्या खिडकीतील चित्र स्वतः तयार करून त्याच्या स्वाधीन करते.

वापरकर्त्यांवरील परिणाम

एक्समध्ये एका उपयोजनात टंकलेला पासवर्ड दुसऱ्या उपयोजनाला टिपता येतो. वेलँडमध्ये संकेत केवळ सक्रिय खिडकीलाच मिळतात. ऑनलाइन वर्गात पडदा सामायिक करताना बहुधा वापरकर्त्याची परवानगी विचारली जाते. वेगवेगळ्या घनतेच्या दोन पडद्यांवर प्रत्येकी निराळे आकारमान ठेवता येते.

मराठी टंकलेखन

इनस्क्रिप्ट कळफलक थेट मांडणी म्हणून निवडला असल्यास तो पूर्वीप्रमाणेच चालतो. मात्र मांडणी बदलण्यासाठी सेटएक्सकेबीमॅप ही आज्ञा न वापरता डेस्कटॉपच्या सेटिंग्जचा आधार घ्यावा लागतो. रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटवणाऱ्या ध्वन्यात्मक पद्धती आयबस किंवा एफसीआयटीएक्स यांद्वारे चालतात. त्यांना कंपोझिटर व उपयोजन या दोहोंचे साहाय्य लागते. ते अपुरे असल्यास एकाच संगणकावर एका उपयोजनात मराठी उमटते, दुसऱ्यात उमटत नाही. अक्षरे उमटूनही जोडाक्षरे विस्कळीत दिसल्यास दोष सहसा फाँटचा किंवा अक्षरजुळणीचा असतो, वेलँडचा नव्हे.

मर्यादा

जुनी उपयोजने एक्सवेलँड या दुव्यामार्फत चालतात. परंतु तेथे ती परस्परांचे संकेत टिपू शकतात. एक्सडूटूलसारखी स्वयंचलनाची साधने वेलँडच्या खिडक्यांवर चालत नाहीत. खिडक्यांतील मजकूर वाचून दाखवणाऱ्या, दृष्टिहीनांसाठीच्या साधनांनाही नवी जुळणी आवश्यक ठरली आहे. ज्या वितरणांत दोन्ही सत्रे उपलब्ध आहेत, तेथे प्रवेशाच्या पडद्यावर त्यांपैकी एक निवडता येते.